अतिरिक्त बंधनांचा शोध

१. विषयप्रवेश

माहितीच्या नोंदी ठेवणारी कोणतीही संस्था घेतली, तरी तिच्या कारभारात दोन गोष्टी हटकून आढळतात. एक, नोंदींचा संग्रह. आणि दुसरी, त्या नोंदींनी पाळावयाच्या नियमांची यादी. संग्रह वाढतो तशी ही यादीही वाढत जाते. एखादी चूक उघडकीस आली की, ती पुन्हा होऊ नये म्हणून नवा नियम घातला जातो. जुना नियम काढून टाकण्यास मात्र सहसा कोणी धजत नाही. काही वर्षांनी यादीतील निम्मे नियम कशासाठी आहेत, हे सांगणारा मनुष्यही उरत नाही.

अशा यादीत काही नियम असे असतात की, ते वगळले तरी एकही जास्त चुकीची नोंद आत येऊ शकत नाही. कारण त्यांचे काम उरलेले नियम आधीच करीत असतात. अशा नियमास ‘अतिरिक्त बंधन’ म्हणावे. ते कसे ओळखावे, आणि ओळखल्यावर ते काढून टाकावे की ठेवावे, हा प्रस्तुत पाठाचा विषय होय. हा प्रश्न संगणकशास्त्रात मांडला गेला असला, तरी तो केवळ यंत्राचा प्रश्न नाही. चुकीचा नियम काढला तर खोटी नोंद आत येते. आणि खोटी नोंद म्हणजे पुष्कळदा एखाद्या खऱ्या माणसाविषयीचे खोटे विधान असते.

२. कोलकात्यातील पूर्वपीठिका

नोंदींची पद्धतशीर उलटतपासणी करण्याची भारतातील परंपरा पाहावयाची असल्यास कोलकात्याकडे, म्हणजे तेव्हाच्या कलकत्त्याकडे, वळावे लागते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तेथील प्रेसिडेन्सी कॉलेजात चालविलेल्या सांख्यिकी प्रयोगशाळेतून १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था उभी राहिली. पुढे ती शहराच्या उत्तरेस बरानगर येथे गेली.

संस्थेचे ‘संख्या’ हे नियतकालिक १९३३ साली सुरू झाले. त्याच्या पहिल्याच खंडात महालनोबिस यांनी रिस्ली ह्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या जुन्या आकड्यांची पुनर्तपासणी प्रसिद्ध केली. रिस्लीने बंगालमधील जातीजमातींच्या शरीरमापनाचे आकडे १८९१ साली ग्रंथरूपाने छापले होते. त्या मापांवरून त्याने वंशांविषयी काढलेले निष्कर्ष आज कोणी स्वीकारीत नाही. परंतु आकड्यांची तपासणी कशी करावी, हे शिकण्यास ते उदाहरण अद्यापि उपयुक्त आहे.

शरीरमापनाच्या अशा तक्त्यांत डोक्याची लांबी, रुंदी आणि त्या दोहोंवरून काढलेला निर्देशांक अशा तीन संख्या शेजारी-शेजारी असतात. निर्देशांक म्हणजे रुंदीला लांबीने भागून आलेल्या संख्येची १०० पट. समजा, लांबी १८० मिलिमीटर आणि रुंदी १४० मिलिमीटर आहे. तर निर्देशांक ७७.८ येईल. आता नक्कल करणाऱ्याच्या हातून १८० ऐवजी १०८ लिहिले गेले, तर लांबी, रुंदी व निर्देशांक ह्यांचा मेळ तुटतो आणि चूक उघडी पडते. निर्देशांकाचा रकाना खरे पाहता जादा आहे. तो पहिल्या दोहोंवरून केव्हाही काढता येतो. तथापि तो जादा असल्यामुळेच तो साक्षीदाराचे काम करतो.

१९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, तेव्हा तिची आखणी आणि आकड्यांची छाननी ह्यांचा मोठा भार ह्याच संस्थेवर पडला. खेड्यापाड्यांतून भरून आलेली अनुसूचीपत्रे कलकत्त्यात तपासली जात, त्यांतील उत्तरांना सांकेतिक अंक दिले जात आणि ते अंक छिद्रपत्रांवर टोचले जात. टोचणाऱ्याचे बोट एक रकाना चुकले की माणसाचे वय, नाते किंवा जमीन बदलून जाई. म्हणून छिद्रपत्रे मेळाच्या नियमांवर पारखून घेणे अटळ होते. १९५६ साली संस्थेत एचईसी-२एम हा देशातील पहिला अंकीय संगणक बसला. आज पाहणीचे अधिकारी हातातील टॅब्लेटवर उत्तरे नोंदवितात आणि मेळाचे नियम उत्तर घेतानाच लागू होतात. साधने बदलली, नियमांची यादी मात्र राहिली.

३. बंधन आणि अतिरिक्त बंधन

आज अशा नोंदी बहुधा संबंधाधिष्ठित डेटाबेसमध्ये ठेवल्या जातात. ही कल्पना एडगर कॉड ह्या आयबीएम कंपनीतील संशोधकाने १९७० साली मांडली. तिच्यात सर्व माहिती तक्त्यांच्या रूपाने असते. तक्त्याची प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक नोंद. प्रत्येक उभा रकाना म्हणजे नोंदीचा एक गुण. तक्त्यातील ओळींनी जी अट सदैव पाळली पाहिजे तिला बंधन म्हणतात. ‘वय शून्यापेक्षा कमी नसावे’ हे एक बंधन. ‘एकच कुटुंबक्रमांक दोनदा येऊ नये’ हे दुसरे. ‘व्यक्तीच्या नोंदीत दिलेला कुटुंबक्रमांक कुटुंबांच्या तक्त्यात असलाच पाहिजे’ हे तिसरे.

बंधन अतिरिक्त आहे ह्याचा काटेकोर अर्थ असा : बाकीची सर्व बंधने पाळणारा कोणताही तक्ता घेतला, तरी तो हेही बंधन पाळतोच. येथे ‘कोणताही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आज कार्यालयात असलेला तक्ता ते पाळतो किंवा नाही, हा प्रश्न नाही. गेल्या दहा वर्षांत एखाद्या नियमाने एकही नोंद अडविली नाही, एवढ्यावरून तो अतिरिक्त ठरत नाही. दाराला कुलूप असताना चोरी झाली नाही, म्हणून कुलूप अनावश्यक होते असे ठरत नाही. तसेच हे आहे. अतिरिक्तपणा सिद्ध होतो तो तर्काने, अनुभवाने नव्हे.

अतिरिक्त बंधन बाळगण्याचा खर्च असतो. नवी ओळ घालताना संगणक प्रत्येक बंधन तपासतो. एकमेवपणाच्या बंधनासाठी तर तो बहुधा एक स्वतंत्र सूची ठेवतो आणि प्रत्येक नव्या ओळीबरोबर ती सूचीही अद्ययावत करतो. लक्षावधी नोंदी भरावयाच्या असतात तेव्हा हा खर्च जाणवतो. याहूनही मोठा तोटा हा की, यादी लांबली म्हणजे तिचा अर्थ लावणे कठीण होते. आणि दोन ठिकाणी लिहिलेला एकच नियम पुढे एका ठिकाणी बदलला जाऊन दुसऱ्या ठिकाणी तसाच राहतो.

४. निश्चितीचे नियम

पहिला प्रकार, एका गुणावरून दुसरा गुण ठरतो असे सांगणाऱ्या नियमांचा. नमुना पाहणीत गावांची वर्गवारी थरांत केलेली असते, थरांमधून गावे निवडली जातात आणि गावांतून कुटुंबे. उदाहरणादाखल कुटुंब, गाव, थर व विभाग असे चार रकाने असलेला एक तक्ता कल्पावा आणि त्यावर पुढील पाच नियम आहेत असे समजावे :

(क) कुटुंब → गाव
(ख) गाव → थर
(ग) थर → विभाग
(घ) कुटुंब → विभाग
(ङ) गाव व थर मिळून → विभाग

येथे ‘कुटुंब → गाव’ ह्याचा अर्थ, दोन ओळींत कुटुंब एकच असेल तर गावही एकच असले पाहिजे. अशा नियमांवरून दुसरे नियम कोणत्या पायऱ्यांनी निघतात, हे विल्यम आर्मस्ट्राँग याने १९७४ साली मोजक्या सूत्रांत मांडले. परीक्षेची रीत त्याहून सोपी करता येते. ती येणेप्रमाणे :

ज्या नियमाची परीक्षा करावयाची तो बाजूस ठेवावा. त्याच्या डाव्या बाजूचे रकाने एका पिशवीत टाकावेत. मग उरलेले नियम एकेक करून पाहावेत. ज्या नियमाची संपूर्ण डावी बाजू पिशवीत आहे, त्याची उजवी बाजूही पिशवीत टाकावी. पिशवीत नवे काही पडेनासे होईपर्यंत हे चालू ठेवावे. परीक्षेच्या नियमाची उजवी बाजू पिशवीत आली, तर तो नियम अतिरिक्त. न आली, तर आवश्यक.

आता (घ) पाहावा. पिशवीत प्रथम ‘कुटुंब’. (क) मुळे ‘गाव’ आले, (ख) मुळे ‘थर’, (ग) मुळे ‘विभाग’. उजवी बाजू मिळाली. म्हणून (घ) अतिरिक्त. (ङ) पाहावा. पिशवीत ‘गाव’ आणि ‘थर’. (ग) मुळे लगेच ‘विभाग’ मिळतो. तोही अतिरिक्त. राहता राहिला (ग) : पिशवीत केवळ ‘थर’ आहे, उरलेल्यांपैकी एकाही नियमाची संपूर्ण डावी बाजू पिशवीत नाही. पिशवीत काहीच पडत नाही. म्हणून (ग) आवश्यक.

ही रीत संगणकास फार जड जात नाही. कातरिएल बीरी व फिलिप बर्नस्टाइन यांनी १९७९ साली दाखवून दिले की, नियमांची यादी जेवढी लांब त्या प्रमाणातच ह्या परीक्षेचा वेळ वाढतो. त्याहून भराभर वाढत नाही.

५. दोन ओळींचा प्रतिदाखला

पिशवीची रीत ‘नाही’ असे उत्तर देते तेव्हा शंकेखोर वाचक विचारील की, कदाचित दुसऱ्या एखाद्या वाटेने तो नियम निघत असेल. ह्या शंकेला फार सुंदर उत्तर आहे. पिशवीत जे रकाने आले त्यांत सारख्या आणि जे आले नाहीत त्यांत वेगळ्या अशा दोनच ओळींचा तक्ता मांडावा. (ग) च्या परीक्षेत पिशवीत फक्त ‘थर’ होता. म्हणून तक्ता असा होईल :

पहिली ओळ : कुटुंब १, गाव १, थर १, विभाग पूर्व
दुसरी ओळ : कुटुंब २, गाव २, थर १, विभाग पश्चिम

येथे कुटुंबे वेगळी आहेत, म्हणून (क) आणि (घ) यांची कसोटी लागतच नाही. गावे वेगळी आहेत, म्हणून (ख) व (ङ) यांचाही भंग होत नाही. परंतु थर एक असून विभाग दोन झाले, (ग) मोडला. बाकी सारे नियम पाळून हा एकच मोडणारा तक्ता प्रत्यक्ष समोर आल्यावर वादास जागा राहत नाही. आवश्यक नियमांसाठी असा दोन ओळींचा तक्ता नेहमीच मिळतो. म्हणूनच व्यवहारात नियम काढण्यापूर्वी ‘हा नसता तर कोणती खोटी नोंद आत आली असती?’ असे विचारावे. उत्तर सापडले तर नियम राहू द्यावा.

६. एका वेळी एकच

येथे एक धोका आहे आणि घाई करणारे त्यात सापडतात. प्रत्येक गावास एक अनुक्रमांक व एक सांकेतिक अंक आहे असे समजावे. नियम चार : अनुक्रमांक → संकेत, संकेत → अनुक्रमांक, अनुक्रमांक → थर, संकेत → थर. तिसरा नियम तपासला तर तो अतिरिक्त ठरतो. कारण अनुक्रमांकावरून संकेत आणि संकेतावरून थर मिळतो. चौथाही अतिरिक्त ठरतो. कारण संकेतावरून अनुक्रमांक आणि त्यावरून थर मिळतो. दोन्ही निकाल खरे आहेत. तरीही दोन्ही नियम एकदम काढले तर थराविषयी एकही नियम उरत नाही आणि एकच गाव दोन थरांत नोंदविले जाऊ शकते.

दोघे एकमेकांना जामीन राहिले असता दोघांनाही सोडून देता येत नाही. म्हणून एका वेळी एकच नियम काढावा आणि उरलेल्या यादीवर परीक्षा पुन्हा नव्याने करावी. ह्यावरून हेही ध्यानी येईल की, शेवटी उरणारी यादी एकच एक नसते. आधी कोणता नियम काढला ह्यावर ती अवलंबून असते. कोणता ठेवावा, हे तर्क सांगत नाही. तेथे कामाची सोय पाहावी.

७. मर्यादेचे नियम आणि रिकामी जागा

दुसरा प्रकार एकेका ओळीवरील मर्यादांचा. भारतात पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. श्रीराम भिकाजी वेलणकर हे तिचे जनक मानले जातात. तिच्यात पहिला अंक विभागाचा असून कोलकात्याचे संकेत ७०० ह्या तीन अंकांनी सुरू होतात. तेथील मुख्य टपाल कार्यालयाचा संकेत ७००००१ आहे. कोलकात्यातील पत्त्यांच्या एखाद्या तक्त्यावर दोन नियम आहेत असे समजावे. पहिला : पिन ७००००१ पासून ७००९९९ पर्यंत असावा. दुसरा : पिन सहा अंकी असावा, म्हणजे १००००० पासून ९९९९९९ पर्यंत.

येथे परीक्षेची रीत अशी : संशयित नियम खोटा मानावा, बाकीचे खरे ठेवावेत आणि असे एखादे मूल्य संभवते काय हे पाहावे. ७००००१ ते ७००९९९ ह्यांमध्ये सहा अंकी नसलेली एकही संख्या नाही. म्हणून दुसरा नियम अतिरिक्त होय.

आता त्याच तक्त्यावर तिसरा नियम येतो : ‘पिनची जागा रिकामी नसावी.’ पहिल्या दृष्टीस हाही अतिरिक्त वाटतो. ७००००१ च्या वर असणारी संख्या रिकामी कशी असेल? परंतु डेटाबेसची प्रचलित भाषा एसक्यूएल येथे वेगळा न्याय लावते. रिकाम्या जागेशी केलेल्या तुलनेचे उत्तर ती ‘खरे’ किंवा ‘खोटे’ असे न देता ‘अज्ञात’ असे देते. आणि मर्यादेचा नियम फक्त ‘खोटे’ ठरलेली ओळच अडवितो. ‘अज्ञात’ ओळ आत जाते. म्हणून तिसरा नियम अतिरिक्त नाही; तो काढला तर पिन नसलेले पत्ते निमूटपणे साठत राहतील. उलट, एखादा रकाना तक्त्याची मुख्य किल्ली म्हणून घोषित केला असेल, तर तो रिकामा नसणे आणि एकमेव असणे ह्या दोन्ही अटी त्या घोषणेतच येतात. तेथे त्या पुन्हा लिहिणे खरोखरच अतिरिक्त ठरते.

नियमांचे प्रकार मिसळू लागले की ही परीक्षा अवघड होत जाते. पुष्कळ रकान्यांवरील ‘अमुक असेल तर तमुक’ अशा नियमांत ती इतकी वेळखाऊ होऊ शकते की, तिच्यासाठी सर्वत्र जलद चालणारी रीत कोणासही ठाऊक नाही. आणि निश्चितीचे नियम व एका तक्त्यातील मूल्ये दुसऱ्यात असलीच पाहिजेत असे सांगणारे नियम एकत्र आले, तर सर्व प्रकरणांत अचूक उत्तर देईल अशी यांत्रिक रीत असूच शकत नाही, हे १९८० नंतरच्या दशकात सिद्ध झाले आहे. व्यवहारातील याद्या सुदैवाने एवढ्या गुंतागुंतीच्या क्वचितच असतात.

८. अतिरिक्त, तरी आधाराचे

काही बंधने तर्काने अतिरिक्त असूनही काढता येत नाहीत. कुटुंबक्रमांक एकमेव असेल, तर ‘कुटुंबक्रमांक व गाव’ ही जोडी एकमेव असणारच. जोडीवरील बंधन अतिरिक्त होय. तथापि दुसरा तक्ता जर ह्या जोडीचाच निर्देश करीत असेल, तर एसक्यूएलच्या नियमाप्रमाणे त्या जोडीचा एकमेवपणा स्वतंत्रपणे घोषित केलेला असावा लागतो. येथे अतिरिक्त बंधन पहाऱ्याचे काम करीत नाही. दुसऱ्या बंधनाला खुंटीसारखा आधार देते. ती खुंटी काढू गेल्यास यंत्रच हरकत घेते.

ही अडचण यंत्राने घातलेली आहे. पुढील उदाहरणात मात्र अतिरिक्त नियमाचे मोल यंत्रामुळे नव्हे, तर कामाच्या स्वरूपामुळे ठरते. आणि तेच ह्या पाठाचे मर्म होय.

९. नोंद अडविणे आणि नोंद दुरुस्त करणे

व्यक्तींच्या तक्त्यात वय, वैवाहिक स्थिती आणि कुटुंबप्रमुखाशी नाते असे तीन रकाने आहेत असे समजावे. नियम दोन :

(त) वय ५ वर्षांहून कमी असल्यास वैवाहिक स्थिती ‘अविवाहित’ असावी.
(थ) नाते ‘पती किंवा पत्नी’ असल्यास वैवाहिक स्थिती ‘विवाहित’ असावी.

ह्या दोहोंवरून तिसरा नियम आपोआप निघतो :

(द) वय ५ वर्षांहून कमी असल्यास नाते ‘पती किंवा पत्नी’ नसावे.

(द) उघडच अतिरिक्त आहे. नोंद आत घ्यावी की अडवावी, एवढाच प्रश्न असेल तर तो यादीत असला-नसला तरी एकाही नोंदीचा निकाल बदलत नाही.

आता ४० वर्षांच्या एका गृहिणीची नोंद घ्यावी. वय ४०, विवाहित, नाते पत्नी. टोचताना शून्य गळाले आणि वय ४ झाले. नोंद (त) शी विसंगत ठरून अडली. तपासनिसापुढे फक्त (त) आणि (थ) आहेत. त्यास एवढेच कळते की, वय आणि वैवाहिक स्थिती ह्यांचा मेळ नाही. दोहोंपैकी काय चुकले? ४ वर्षांची मुलगी विवाहित कशी असेल, असा विचार करून तो ‘विवाहित’ खोडून ‘अविवाहित’ लिहितो. लगेच (थ) मोडतो : पत्नी अविवाहित कशी? मग तो नातेही बदलतो आणि ‘पत्नी’च्या जागी ‘मुलगी’ लिहितो. आता एकही नियम मोडलेला नाही. नोंद स्वच्छ दिसते. परंतु ४० वर्षांची एक स्त्री त्या तक्त्यातून नाहीशी झाली आहे आणि तिच्या जागी कधी न जन्मलेली ४ वर्षांची मुलगी उभी आहे. ह्या मुलीला पुढे बालकांच्या संख्येत गणले जाईल; त्या स्त्रीचे श्रम मात्र कोठेच गणले जाणार नाहीत.

आता (द) यादीत असता तर काय झाले असते, ते पाहावे. मूळ चुकीची नोंद (त) आणि (द) ह्या दोहोंना मोडते. (त) मध्ये वय आणि वैवाहिक स्थिती हे रकाने आहेत. (द) मध्ये वय आणि नाते. दोन्ही मोडलेल्या नियमांत समान असा एकच रकाना आहे : वय. एकच रकाना बदलून नोंद निर्दोष व्हावयाची असेल, तर तो वयाचाच असला पाहिजे. तपासनीस वयाकडे वळतो, मूळ अनुसूचीपत्र काढतो आणि त्याला ४० दिसते.

कमीत कमी रकाने बदलून नोंद दुरुस्त करावी, आणि कोणते रकाने बदलावेत हे ठरविण्यासाठी मूळ नियमांबरोबर त्यांतून निघणारे नियमही विचारात घ्यावेत, हा सिद्धान्त कॅनडातील सांख्यिक इव्हान फेलेगी आणि होल्ट यांनी १९७६ साली मांडला. आज निरनिराळ्या देशांतील सांख्यिकी कार्यालयांत तो आधारभूत मानला जातो. त्याचे तात्पर्य असे की, अतिरिक्तपणा हा नियमाचा अंगभूत दोष नव्हे. तो कामाच्या संदर्भात ठरतो. पहारेकऱ्याला जो नियम जादा, तोच वैद्याला रोगाचे ठिकाण दाखवितो.

येथे आणखी एक इशारा आवश्यक आहे. (त) हा नियम आजच्या वाचकास निर्विवाद वाटेल. परंतु १९३१ च्या जनगणनेच्या तक्त्यांत ५ वर्षांखालील विवाहित मुलामुलींची गणना आहे. बालविवाहास आळा घालणारा शारदा कायदा १९२९ साली संमत होऊन एप्रिल १९३० मध्ये अमलात आला होता. तो लागू होण्यापूर्वी पुष्कळांनी घाईघाईने मुलांची लग्ने उरकून घेतली होती. त्या वेळी (त) लागू केला असता, तर जगातील एक कटू सत्य ‘चूक’ म्हणून पुसले गेले असते. नियम अतिरिक्त आहे की नाही, हे तर्क सांगतो. नियम खरा आहे की नाही, हे जगाकडे पाहूनच ठरवावे लागते. आणि मूळ नियमच खोटा असला, तर त्यातून निघणारा प्रत्येक नियम संशयास्पद ठरतो. (द) कोणत्या नियमांतून निघाला, ह्याची नोंद ठेवावी ती ह्यासाठी.

१०. सारांश

बाकीचे नियम पाळणारा कोणताही तक्ता जो नियम पाळतोच, तो नियम अतिरिक्त. निश्चितीच्या नियमांची परीक्षा पिशवीच्या रीतीने करावी. मर्यादेच्या नियमांची, नियम खोटा मानून. ‘आवश्यक’ असा निकाल आल्यास प्रतिदाखला मांडून तो पक्का करावा. एका वेळी एकच नियम काढावा. रिकाम्या जागेचा विचार केल्याशिवाय निकाल देऊ नये. काढलेला नियम नष्ट न करता, तो कोणत्या नियमांतून निघतो हे लिहून निराळ्या यादीत ठेवावा : नोंद अडविण्यासाठी लहान यादी, नोंद दुरुस्त करण्यासाठी पूर्ण यादी.

शरीरमापनाच्या तक्त्यातील जादा निर्देशांक चूक पकडतो. व्यक्तींच्या तक्त्यातील जादा नियम चुकीचे ठिकाण दाखवितो. जे जादा आहे ते ओळखता आले पाहिजे. पण ओळखणे आणि फेकून देणे ह्या दोन निराळ्या क्रिया आहेत.

अभ्यासासाठी प्रश्न

१. रुग्ण → खोली, खोली → मजला, रुग्ण → मजला, मजला → परिचारिका, खोली → परिचारिका. ह्या पाच नियमांतील अतिरिक्त नियम कोणते? एकेक काढून शेवटी किती उरतात?

२. परिच्छेद ४ मधील (ख) नियम आवश्यक आहे, हे दाखविणारा दोन ओळींचा तक्ता मांडा.

३. ‘वय १८ किंवा अधिक असावे’ आणि ‘वय शून्याहून अधिक असावे’ ह्यांपैकी कोणता नियम अतिरिक्त आहे? ‘वयाची जागा रिकामी नसावी’ हा नियमही काढता येईल काय?

उत्तरे : (१) तिसरा व पाचवा अतिरिक्त, तीन उरतात. (२) ‘गाव’ पासून सुरुवात केल्यास पिशवीत दुसरे काही पडत नाही. म्हणून दोन्ही ओळींत गाव एकच घ्यावे आणि कुटुंब, थर व विभाग वेगळे घ्यावेत. (३) दुसरा अतिरिक्त. रिकाम्या जागेचा नियम मात्र काढता येणार नाही.